वेबवरील जाहिरात : पूर्वपीठिका व व्यवहार

‘जाहीर’ हा शब्द अरबींतून फारशीच्या वाटेनें मराठींत आला. त्याचा अर्थ उघड, सर्वांस दिसणारें. त्यावरूनच ‘जाहिरात’ हा शब्द रूढ झाला. पूर्वीं गांवांत दवंडी पिटली जाई, तेव्हां पाटलाच्या वाड्यांत आणि गांवकुसाबाहेरील झोंपडींत एकच मजकूर ऐकूं येई. वर्तमानपत्रांतील जाहिरातही ज्याच्या हातीं तें पान पडे त्या प्रत्येकास सारखीच दिसे. इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या बाबतींत हा प्रकार आतां फारसा उरलेला नाहीं. एकाच घरांत, एकाच वेळीं, एकच पान उघडून बसलेल्या बापलेकांस त्या पानावर दोन निराळ्या जाहिराती दिसूं शकतात. आणि कोणास कोणती दिसावी हें, पान उघडत असतांनाच, डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत लिलाव होऊन ठरतें. त्या लिलावांत कोणकोणत्या बोली झाल्या हें बापास कळत नाहीं, लेकास कळत नाहीं, आणि ज्याच्या मालकीचें तें पान आहे त्या संकेतस्थळाच्या चालकासही बहुधा कळत नाहीं. जी वस्तु नांवाप्रमाणें उघड असावयाची ती अशी झांकली कशी गेली, याचा इतिहास तीस वर्षांहून थोडाच अधिक आहे.

हा इतिहास केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. पाककृति, शेतीची माहिती, ग्रंथपरिचय, प्रवासवर्णनें, शालेय गणित अशा विषयांवर लहान लहान संकेतस्थळें चालविणारीं माणसें आज गांवोगांव आढळतात. असा मनुष्य स्वतःच लेखक, स्वतःच संपादक आणि स्वतःच हिशेबनीस असतो. संकेतस्थळाचें नांव राखण्यास व मजकूर सांठविण्यास दरसाल कांहीं पैसे भरावे लागतात. ते जाहिरातींतून निघावे, आणि जमल्यास चार पैसे हातीं उरावे, ही त्याची इच्छा रास्तच म्हटली पाहिजे. परंतु आपण काय विकतों, कोणास विकतों आणि भाव कोण ठरवितो, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यास ठाऊक नाहींत असा दुकानदार फार दिवस टिकत नाहीं. संकेतस्थळाच्या चालकाचीही गोष्ट तीच. म्हणून हा व्यवहार आरंभापासून पाहणें इष्ट आहे.

जाहिरातीच्या बळावर वाचन स्वस्त करण्याची कल्पना वेबची नव्हे. न्यूयॉर्क येथें बेंजामिन डे यानें ३ सप्टेंबर १८३३ रोजीं ‘सन’ नांवाचें दैनिक काढलें. इतर दैनिकें सहा सेंटांस मिळत असतां त्यानें आपल्या अंकाची किंमत एक सेंट ठेविली. पॅरिसमध्यें एमिल द जिरार्दां यानें १८३६ सालीं ‘ला प्रेस’ हें पत्र सुरू केलें आणि इतरांची वार्षिक वर्गणी ऐंशी फ्रँक असतां आपली चाळीसच ठेविली. दोघांचाही हिशेब एकच होता : किंमत उतरली म्हणजे वाचक वाढतात, वाचक वाढले म्हणजे जाहिरातदार येतात, आणि किमतीतली तूट जाहिरातदार भरून काढतो. या हिशेबांत वाचक हा केवळ गिऱ्हाईक राहिला नाहीं. जाहिरातदारापुढें मांडावयाचा मालही तोच झाला.

पत्रें पुष्कळ आणि जाहिरातदारही पुष्कळ झाल्यावर दोघांमध्यें दलाल आला. फिलाडेल्फियांत व्होल्नी पामर यानें १८४० नंतरच्या दशकांत अशी दलाली सुरू केली, आणि जॉर्ज रॉवेल यानें त्याच्यामागून पत्रांतील जागा घाऊक विकत घेऊन किरकोळीनें विकण्याचा धंदा केला. मग मोजणीचा प्रश्न उपस्थित झाला. पत्रांचे मालक आपला खप फुगवून सांगत, आणि जाहिरातदारास तो पडताळतां येत नसे. रॉवेलनें १८६९ सालीं अमेरिकेंतील पत्रांची एक सूची खपाच्या आंकड्यांसह प्रसिद्ध केली. पुढें १९१४ सालीं त्या देशांत खप तपासणारी ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था निघाली, आणि त्याच नांवाची संस्था भारतांत १९४८ सालीं स्थापन झाली. जाहिरातदाराचा पैसा, मधला दलाल आणि विश्वसनीय मोजणी हीं तीन अंगें मुद्रणाच्या काळांत सिद्ध होण्यास सुमारें शंभर वर्षें लागलीं. वेबवर तींच तीन अंगें दहा वर्षांत तयार झालीं. या घाईंतच पुढील बऱ्याच घोंटाळ्यांचें मूळ आहे.

वेबचा जन्म मात्र जाहिरातीच्या घरीं झाला नाहीं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें उभारलेल्या ‘आर्पानेट’ या संगणकांच्या जाळ्यावर ३ मे १९७८ रोजीं एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्यानें सुमारें चारशें जणांस आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात एकदम पाठविली, तेव्हां तिच्याविरुद्ध मोठी ओरड झाली. पुढें विद्यापीठांना जोडणारें जें जाळें अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें चालविलें, त्यावर धंदेवाईक उपयोगास मनाई होती. टिम बर्नर्स-ली यानें जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं वेबची योजना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें ती सर्वांच्या विनामूल्य उपयोगासाठीं खुली केली. १९९५ च्या एप्रिलांत विज्ञान प्रतिष्ठानाचें जाळें बंद होऊन सर्व दळणवळण खासगी कंपन्यांकडे गेलें, आणि व्यापारास असलेली शेवटची आडकाठी दूर झाली. आपल्या देशांतही त्याच वर्षीं १५ ऑगस्टला विदेश संचार निगमानें सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेटची सेवा सुरू केली.

या संक्रमणाच्या ऐन मध्यावर पहिली गाजलेली जाहिरात आली. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘वायर्ड’ मासिकाच्या चालकांनीं २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं ‘हॉटवायर्ड’ हें संकेतस्थळ उघडलें. लेखकांचें व कारागिरांचें वेतन भागविण्यासाठीं त्यांनीं पानाच्या माथ्यावर आडव्या पट्ट्या विकण्यास काढल्या. ४६८ ठिपके रुंद आणि ६० ठिपके उंच अशी ती पट्टी असे. तिलाच ‘बॅनर’ हें नांव पडलें. त्यांतील एक पट्टी एटी अँड टी या दूरध्वनि-कंपनीची होती. तुम्हीं येथें कधीं क्लिक केलें आहे काय, असा तींत प्रश्न होता, आणि पुढें तुम्ही तें करालच असें भाकीत होतें. ती पाहणाऱ्या शंभरांपैकीं चव्वेचाळीस जणांनीं तिच्यावर क्लिक केलें असें सांगण्यांत येतें. आज सामान्य बॅनरवर शंभरांत एकही क्लिक पडत नाहीं. नवलाई ओसरली म्हणजे डोळा जाहिरात टाळावयास शिकतो, हा धडा त्या दोन आंकड्यांत आहे. आणि नव्या चालकानें आपल्या अपेक्षा दुसऱ्या आंकड्यावर बांधाव्या, पहिल्यावर नव्हे.

हॉटवायर्डनें विकली ती जागा, आणि तीही ठराविक मुदतीच्या भाड्यानें, भिंतीवरील फलकासारखी. परंतु वेबवर एक सोय अशी होती कीं जी छापील पानावर कधींच नव्हती. पान किती वेळां उघडलें गेलें याची नोंद यंत्र स्वतःच ठेवी. तेव्हां जागेऐवजीं दर्शन विकण्याची रीत पडली. जाहिरात एकदां दिसणें यास ‘इम्प्रेशन’ म्हणतात, आणि अशा हजार दर्शनांचा जो भाव त्यास ‘सीपीएम’. त्यांतील ‘एम’ हें अक्षर हजार या अर्थाच्या लॅटिन शब्दाचें आहे. १९९६ सालीं प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या बड्या व्यापाऱ्यांनीं ‘याहू’कडे अशी अट घातली कीं, नुसत्या दर्शनाचे पैसे मिळणार नाहींत, क्लिक होईल तेवढ्याचेच मिळतील. याहूस ती मान्य करावी लागली. क्लिकमागें ठरलेल्या या भावास ‘सीपीसी’ हें नांव आहे. त्याच वर्षाच्या जुलईंत ‘ॲमेझॉन’ या पुस्तकविक्रेत्यानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून वाचक आपल्याकडे आला आणि त्यानें पुस्तक विकत घेतलें, तरच त्या संकेतस्थळास कमिशन, अशी त्यानें योजना काढली.

दर्शन, क्लिक आणि विक्री या तीन पायऱ्या ज्यास समजल्या त्यास या व्यवहाराचें अर्धें गणित समजलें. पहिल्या पायरीवर जोखीम जाहिरातदाराची असते, कारण जाहिरात वाया गेली तरी त्यास पैसे द्यावे लागतात. तिसऱ्या पायरीवर ती सर्वस्वीं संकेतस्थळाच्या चालकाकडे येते. कारण त्यानें जागा दिली, वाचक आणून दिला, आणि दुकानदाराचा माल वाईट निघाला तर याचे श्रम फुकट. मधल्या पायरीवर दोघे अर्धी अर्धी जोखीम वाहतात. जाहिरातदार प्रबळ होत गेला तसतशी जोखीम चालकाकडे सरकत गेली, हें या तीन तारखांवरूनही दिसून येईल.

लहान संकेतस्थळांस या काळांत कोणी विचारीत नव्हतें. त्यांच्यासाठीं १९९६ सालीं अमेरिकेंत ‘लिंक-एक्स्चेंज’ नांवाची देवघेव निघाली. सभासदानें आपल्या पानावर इतर सभासदांच्या पट्ट्या दाखवावयाच्या. अशा दोन दाखविल्या कीं त्याची स्वतःची पट्टी एकदां दुसरीकडे दिसे. उरलेल्या अर्ध्या दर्शनांवर संस्थेचा हक्क असे, आणि तीं ती पैसेवाल्या जाहिरातदारांस विकी. १९९८ सालीं मायक्रोसॉफ्टनें ही संस्था साडेसव्वीस कोटि डॉलरांस घेतली. हजारों लहान पानांचा प्रत्येकीं तुटपुंजा असलेला वाचकवर्ग एकत्र केला तर तो केवढ्या मोलाचा होतो, हें या सौद्यानें सिद्ध झालें; मात्र तें मोल पानें लिहिणाऱ्यांच्या पदरीं पडलें नाहीं.

दुसराही एक प्रसंग याच सुमाराचा. ‘ट्रायपॉड’ या संस्थेच्या आश्रयानें अनेक हौशी लोक आपापलीं पानें ठेवीत. एका मोटार-कंपनीची जाहिरात त्यांतील एका अश्लील पानावर झळकली, आणि कंपनीनें तक्रार केली. त्यावर तोड म्हणून एथन झुकरमन या तेथील कामगारानें जाहिरात पानावर न दाखवितां स्वतंत्र खिडकींत उघडण्याची युक्ति काढली. पुढें अशा आपोआप उसळणाऱ्या खिडक्यांनीं वाचकांस भंडावून सोडलें. २०१४ सालीं ‘द अटलांटिक’मध्यें लेख लिहून झुकरमननें त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. वाचकाची सोय बाजूस ठेवून जाहिरातदाराची अडचण दूर केली म्हणजे परिणाम काय होतो याचें हें उदाहरण आहे.

यानंतर जें घडलें त्यानें जाहिरातीचा मूळ स्वभावच पालटला. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यानें ‘कुकी’ नांवाची लहानशी खूणचिठ्ठी योजिली. वाचकानें दुकानांतील कोणत्या वस्तु निवडल्या हें पुढील पानावर लक्षांत राहावें, एवढाच तिचा हेतु होता. ही चिठ्ठी वाचकाच्याच संगणकांत ठेवली जाई. १९९६ सालीं न्यूयॉर्कमध्यें ‘डबलक्लिक’ ही कंपनी पुढें आली. तिच्या पद्धतींत संकेतस्थळाच्या पानावर जाहिरात नसेच. तेथें केवळ एक रिकामी चौकट असे, आणि पान उघडतांच ती चौकट डबलक्लिकच्या संगणकावरून भरली जाई. एकच कंपनी हजारों संकेतस्थळांच्या चौकटी भरीत असल्यामुळें तिची चिठ्ठी वाचकाबरोबर सर्वत्र फिरे. सकाळीं अमुक मनुष्यानें औषधांचें पान पाहिलें, दुपारीं रेल्वेचें वेळापत्रक पाहिलें, हें तिला कळूं लागलें. जाहिरातदारही मग पान पाहून नव्हे, तर वाचक पाहून पैसे देऊं लागला. दवंडीचें जें उघडपण तें येथें संपलें.

२००० च्या मार्चपासून इंटरनेट-कंपन्यांच्या शेअरांचे भाव कोसळले आणि बॅनरचा बाजार बसला. धंदा पुन्हां उभा राहिला तो शोधयंत्रांच्या आधारानें. कॅलिफोर्नियांतील बिल ग्रॉस यानें १९९८ सालीं ‘गोटू’ नांवाचें शोधयंत्र काढून शोधशब्दांचा लिलाव मांडला. ‘सायकल’ या शब्दावर जो अधिक बोली करील त्याचा दुवा वर, असा साधा नियम होता. गूगलच्या संस्थापकांचें मत त्या वेळीं निराळें होतें. जाहिरातींवर जगणारें शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल, असें त्यांनीं १९९८ च्या आपल्या निबंधांत स्पष्ट लिहिलें होतें. तरीही २३ ऑक्टोबर २००० रोजीं गूगलनें ‘ॲडवर्ड्स’ ही योजना ३५० जाहिरातदारांसह सुरू केली, आणि २००२ सालीं लिलावाची रीत स्वीकारली. तींत दोन सुधारणा होत्या. पहिली ही कीं, केवळ बोली न पाहतां वाचक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात हेंही पाहिलें जाई. म्हणून श्रीमंताची निरर्थक जाहिरात मागें पडे. दुसरी ही कीं, जिंकणाऱ्यास आपली पुरी बोली द्यावी लागत नसे. खालच्याला मागें टाकण्यास जेवढी पुरे तेवढीच द्यावी लागे. संकेतस्थळांवरील जाहिरातींच्या बाबतींत ही दुसरी रीत गूगलनें २०१९ ते २०२१ या काळांत सोडून दिली. तेथें आतां बोलेल तेवढें देणें पडतें.

लहान चालकाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें वर्ष २००३. त्या वर्षाच्या जूनमध्यें गूगलनें ‘ॲडसेन्स’ योजना खुली केली. चालकानें अर्ज करावा, तो मंजूर झाल्यावर यांत्रिक भाषेंतील चार ओळी आपल्या पानांत चिकटवाव्या, कीं काम झालें. गूगलचें यंत्र पान वाचून त्यांतील विषयास जुळणारी जाहिरात तेथें आणून ठेवी. जाहिरातदार शोधणें, भाव ठरविणें, पैसे वसूल करणें हें सर्व परस्पर होई. ज्याचे वाचक महिन्यास हजारदोन हजारच आहेत अशाच्याही दारांत बाजार येऊन उभा राहिला. हा उपकार लहान नव्हता. मराठी चालकांस मात्र थांबावें लागलें. ‘मायबोली’सारखें मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालत आलेलें आहे, परंतु ॲडसेन्सनें हिंदी मजकूर २०१४ च्या अखेरीस स्वीकारला, आणि मराठीची पाळी त्यानंतर कांहीं वर्षांनीं आली. मराठी लेखन आधीं आलें, त्याचा बाजार मागाहून आला.

या सोयीबरोबर अज्ञानही आलें. जाहिरातदारानें रुपया दिला तर त्यांतील चालकाचा वांटा किती, हें गूगलनें सात वर्षें सांगितलें नाहीं. २०१० च्या मे महिन्यांत तें प्रथम प्रसिद्ध झालें : मजकुराच्या पानांवरील जाहिरातींबद्दल शेंकडा ६८. २०२३ च्या नोव्हेंबरांत नवी मांडणी जाहीर झाली; जाहिरात विकत घेणाऱ्या बाजूचें शुल्क आधीं वजा करून उरलेल्याचे शेंकडा ८० चालकास, आणि क्लिकऐवजीं दर्शनावर हिशेब. गूगलच्याच मार्फत जाहिरात आली असतां दोहोंची बेरीज पूर्वीप्रमाणेंच सुमारें ६८ होते. डबलक्लिक ही कंपनीही गूगलनें २००७ सालीं ठरविलेल्या ३१० कोटि डॉलरांच्या सौद्यानें घेतली, आणि २००९ पासून तिच्या बाजारांत प्रत्येक दर्शनाचा त्या त्या क्षणीं लिलाव होऊं लागला. आरंभीं सांगितलेले बापलेक ज्या लिलावाच्या मधोमध बसलेले असतात तो हाच.

आतां उत्पन्नाचें गणित एका कल्पित उदाहरणानें पाहूं जातां तें असें दिसेल. समजा, एका संकेतस्थळाचीं पानें महिन्यांत वीस हजार वेळां उघडलीं जातात आणि प्रत्येक पानावर एक जाहिरात आहे. हजारांत पांच या प्रमाणानें शंभर क्लिक होतील. चालकाच्या पदरांत क्लिकमागें तीन रुपये पडले तर महिन्याची प्राप्ति तीनशें रुपये. हजार दर्शनांमागें हे पंधरा रुपये झाले. कोणत्याही रीतीनें पैसे मिळोत, तुलना या आंकड्यानें करावी. ॲडसेन्समध्यें शंभर डॉलर सांठल्याशिवाय रक्कम हातीं येत नाहीं. डॉलरास ऐंशी रुपयेच धरले तरी ते आठ हजार होतात, म्हणजे या चालकास पहिली रक्कम मिळण्यास सव्वादोन वर्षें लागतील. ज्यानें हें गणित आधीं मांडलें त्याची निराशा होत नाहीं. ज्यानें मांडलें नाहीं तो दोन महिन्यांनीं पानावर चार जाहिराती लावतो. त्यानें उत्पन्न चौपट होत नाहीं. पान मात्र उघडण्यास उशीर लावतें, वाचक कंटाळून निघून जातो, आणि वीस हजारांचे बारा हजार होतात.

कांहीं जण याहून वाईट मार्गास लागतात. स्वतःच्या पानावरील जाहिरातीवर स्वतःच क्लिक करणें, किंवा स्नेह्यांस तसें करावयास सांगणें, ही जुन्या पत्रमालकांच्या फुगविलेल्या खपाची नवी आवृत्ति होय. खोट्या क्लिकांचा उपद्रव इतका वाढला कीं जाहिरातदारांनीं गूगलवर दावा लावला, आणि २००६ सालीं नऊ कोटि डॉलरांपर्यंतची तडजोड झाली. यंत्रास असे क्लिक ओळखतां येतात आणि चालकाचें खातें कायमचें बंद होऊं शकतें. दुसरा मार्ग म्हणजे वाचकासाठीं न लिहितां केवळ जाहिरातींस ओढ लागावी म्हणून निःसत्त्व मजकुराचीं पानें ढिगांनीं काढणें. गूगलनें २०११ च्या फेब्रुवारींत आपल्या शोधाचे नियम बदलतांच असे कारखाने एका फटक्यांत मागें पडले. तिसरा प्रकार तोतयांचा. प्रसिद्ध पत्राचें नांव घेऊन भलतीच पानें लिलावांत विकलीं जात. त्यास आळा घालण्यासाठीं २०१७ सालीं ‘ॲड्स-टेक्स्ट’ नांवाची साधी यादी आली. आपल्या पानावरील जागा विकण्याचा अधिकार कोणाकोणास दिला आहे हें चालकानें तींत उघड लिहावयाचें असतें. झांकलेल्या व्यवहारांतील चोरी थांबविण्यास शेवटीं उघड्या यादीचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

वाचकही स्वस्थ बसला नाहीं. जाहिरात अडविणारीं साधनें २००२ पासून पसरूं लागलीं. युरोपांत व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ रोजीं अंमलांत आला, आणि भारताच्या संसदेनें त्याच विषयावर २०२३ सालीं अधिनियम केला. ॲपलनें आपल्या ब्राउझरमध्यें परक्या कुकींस २०२० सालीं पूर्ण बंदी केली. गूगलनेंही तसें करण्याचें त्याच वर्षीं जाहीर केलें होतें, परंतु २०२४ सालीं तो बेत मागें घेतला. १७ एप्रिल २०२५ रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनियाच्या संघ-न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, प्रकाशकांच्या चौकटी भरणारें यंत्र आणि जाहिरातींचा लिलाव-बाजार या दोन्ही ठिकाणीं गूगलनें बेकायदा मक्तेदारी राखली. चौकट भरणारा आणि लिलाव पुकारणारा एकच असल्यावर माल विकणाऱ्याचें हित कोण पाहणार, हा प्रश्न आतां केवळ तक्रारीचा न राहतां न्यायालयांत मान्य झालेला आहे.

मग लहान चालकानें या बाजारापासून दूरच राहावें काय? तसें म्हणणें अव्यवहार्य होईल. परंतु हाच एक मार्ग आहे असें मानण्याचें कारण नाहीं. २००५ च्या ऑगस्टांत ॲलेक्स ट्यू या इंग्रज विद्यार्थ्यानें शिक्षणाच्या खर्चासाठीं एक पान काढून त्यावरील दहा लक्ष ठिपके, दर ठिपक्यास एक डॉलर या भावानें, थेट जाहिरातदारांस विकले. शंभर ठिपक्यांहून कमी जागा तो देत नसे. पांच महिन्यांच्या आंत सर्व जागा संपून त्यास दहा लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. त्याची नक्कल करणाऱ्यांस यश आलें नाहीं, कारण नवलाई एकदांच विकतां येते. तरीही त्याच्या व्यवहारांतील एक अंग सर्वांस साधण्यासारखें आहे. भाव त्यानें स्वतः ठरविला, तो बहुतेक सर्वांस सारखा होता, आणि जें विकलें तें प्रत्येक वाचकास सारखेंच दिसत होतें.

सांगली जिल्ह्यांतील द्राक्षांवर जो संकेतस्थळ चालवितो, त्याचे वाचक हजारच असले तरी ते बहुतेक बागायतदार असणार. रोपवाटिकेच्या किंवा ठिबक-सिंचनाच्या स्थानिक विक्रेत्यास हे हजार वाचक मुंबईच्या लाखांहून अधिक मोलाचे वाटतील. अशा विक्रेत्यास समक्ष भेटून तीन महिन्यांचें भाडें ठरविलें, तर लिलावांतील पंधरा रुपयांपेक्षां पुष्कळ अधिक मिळण्याचा संभव असतो. शिवाय वाचकाच्या मागें चिठ्ठी लावण्याची गरज उरत नाहीं. यासाठीं चालकाजवळ दोन वस्तु हव्यात : वाचकसंख्येचा खरा आंकडा आणि विषयावरील विश्वसनीय लेखन. आंकडा मोजण्याचीं साधनें विनामूल्य मिळतात. लेखनाचें साधन ज्याचें त्याजपाशीं.

नव्यानें आरंभ करणाऱ्यानें प्रथम सहा महिने जाहिरातीविना लिहावें आणि वाचक कोण आहेत तें पाहावें. नंतर एका पानास एकच जाहिरात लावून हजार दर्शनांमागें काय मिळतें याची वहींत नोंद ठेवावी. त्याच सुमारास आपल्या विषयाच्या दोनतीन व्यापाऱ्यांशीं थेट बोलणें सुरू करावें. पैसे घेऊन लिहिलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक छापावा. भारतांतील जाहिरात-मानक परिषदेनेंही समाजमाध्यमांवर पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांस २०२१ पासून हेंच बंधन घातलें आहे. आपल्या पानावर कोणाच्या चिठ्ठ्या चालतात हें वाचकास साध्या मराठींत सांगावें. लिलाव झांकलेला असला तरी त्याच्या अलीकडील आपलें अंगण उघडें ठेवणें प्रत्येक चालकाच्या हातीं आहे, आणि वाचक पुन्हां येतो तो बहुतेक अशाच अंगणांत.